मराठी कोण वाचतं?

"मराठी?" क्रुतोव चष्म्याच्या काचा पुसत म्हणाला. "मराठी कोण वाचतं हो?"

मी त्याच्या टेबलासमोर हातात स्तावरिनची 'शुक्रावरचा दिवा' ही कादंबरी घेऊन उभी होते. बसा म्हणायची त्या माणसाला सवयच नव्हती. शेजारी माझ्याबरोबर काम करणारी नीनेल उभी होती, आणि तिनं मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मी कळवळलेच.

मी विचारलं होतं ते एवढंच, की या कादंबरीचं शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणी लिहिलंय का. पहिली अकरा प्रकरणं एका हाताची होती आणि बारावं भलत्याच हाताचं दिसत होतं. भाषांतर करणाऱ्याला कळतं हो असलं. कालवणात आपल्यामागे कुणी मीठ टाकून गेलं तर बाईला कळतं, तसंच. अकरा प्रकरणं माणसं भुकेली, चिडकी, एकमेकांवर खेकसणारी. ढगांनी झाकलेल्या शुक्रावर उतरलेली, सूर्य कधी दिसत नाही म्हणून एक प्रचंड दिवा उभारायला निघालेली. आणि बाराव्यात काय, तर दिवा लागला आणि सगळे रांगेत उभे राहून भाषण ऐकतायत, गाणं म्हणतायत! मेल्यांना सर्दीसुद्धा होत नाही.

"स्तावरिनला जगापुढे मी आणलं, शशिकला गणपतोव्ना," क्रुतोव म्हणाला. माझ्या वडिलांचं नाव गणपत, म्हणून तिकडे मी गणपतोव्ना. "माझी प्रस्तावना वाचलीत ना? मग झालं. आणि तुमची ती भाषा म्हणजे हिंदीचाच एक प्रकार ना? शांतपणे भाषांतर करा. आम्ही छापू, गठ्ठे जहाजात चढवू. तिकडे गोदामात उंदीर वाचतील."

आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोल्हापूरची, साळोख्यांच्या घरातली सून. आला अंगावर तर घेतला शिंगावर, हे आम्हाला पाळण्यातच शिकवतात. मी तोंड उघडलं, "आमच्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी—"

"यांची प्रकृती ठीक नाही," नीनेल रशियनमध्ये म्हणाली आणि मला अक्षरशः ओढत बाहेर घेऊन आली. दार लागल्यावर मराठीत म्हणाली, "शशीबाई, आपण मूर्ख आहात काय?"

अशी तिची मराठी. शिवी द्यायची तरी अहोजाहो. कोशातून आणि जुन्या पुस्तकांतून शिकलेली. मला रोज विचारायची, "आपले भोजन झाले का?" मी म्हणायची, "बाई, जेवलात का म्हण, नाहीतर मला सत्यनारायणाला आल्यासारखं वाटतं."

हे एकोणीसशे शहात्तर सालचं. मॉस्कोतलं ते प्रकाशनगृह जगातल्या कितीतरी भाषांत सोव्हिएत पुस्तकं छापायचं. आमचे यजमान तिथल्या रेडिओवर मराठी बातम्या वाचायला गेलेले, त्यांच्यामागे मी गेले आणि भाषांतराला लागले. मी रशियनवरून मराठी करायची. मग कंट्रोल एडिटर ते मुळाशी ओळन्ओळ ताडून बघायचा आणि 'मुळाबरहुकूम' म्हणून सही करायचा. त्यानंतर जबाबदार संपादकाची सही, की चाललं छापायला. मराठीची कंट्रोल एडिटर म्हणजे नीनेल पावलोव्ना. पंचेचाळिशी उलटलेली, उंच, केस पुरुषासारखे कापलेले. त्या अख्ख्या इमारतीत मराठी येणारी रशियन बाई ती एकटीच. जबाबदार संपादक अर्थात क्रुतोव. त्याला मराठीतलं एक अक्षर येत नव्हतं, पण सगळ्या भाषांच्या पुस्तकांवर सही त्याचीच, आणि शेवटी बारीक अक्षरांत छापलेलं नावही त्याचंच.

"तुम्ही मराठी का शिकलात हो?" मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"हापूस आंब्याविषयी वाचले होते," ती म्हणाली होती.

मला इतकं बरं वाटलं! तेव्हापासून सुट्टीवर गेले की मी तिच्यासाठी आमरसाचे डबे बॅगेत कोंबून आणायची. ती समोर बसून चमच्यानं खायची आणि म्हणायची, "उत्तम."

तर त्या दिवशी जिन्यात तिनं इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "शनिवारी माझ्याबरोबर स्नानास चला."

तिथं बान्या म्हणून सार्वजनिक न्हाणीघरं असतात. बायकांचं वेगळं. आत गेलं की वाफ, आणि अंगावर चिंधी नाही. मी पंचा घट्ट धरून कोपऱ्यात उभी, आणि आजूबाजूला आजीबाईंपासून सगळ्या जणी बर्चच्या फांद्यांनी एकमेकींना झोडपतायत. लाजेनं अर्धी झाले होते मी.

नीनेल लाकडी फळीवर बसली आणि मोठ्यानं, अगदी वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाली, "ते प्रकरण क्रुतोवने लिहिले आहे. आपण बरोबर ओळखलेत."

"हळू बोल की बाई!"

"कशाला? येथे मराठी कोणास येते?"

मी पंचा आवळून तिच्या शेजारी फळीवर बसले.

"ग्लेब स्तावरिन माझे वडील," ती म्हणाली. "पावेल हे सावत्र वडिलांचे नाव. आईने दुसरे लग्न केले ते आमचे आडनाव बदलावे म्हणूनच. क्रुतोवला हे ठाऊक नाही."

एक म्हातारी आमच्यामध्ये येऊन घंगाळ भरायला लागली. नीनेल तिच्या डोक्यावरून बोलतच राहिली.

तिच्या बापाची अकरा प्रकरणं एका मासिकात आली होती. बारावं येईपर्यंत पुस्तकाची जुळणी सुरू झाली होती. प्रकाशनगृहात पंचवीस वर्षांचा एक तरुण परीक्षक होता, क्रुतोव. त्यानं बारावं प्रकरण वाचलं आणि वर अहवाल दिला. तीन-चार दिवसांत छापखान्यात जुळवलेले अक्षरांचे खिळे मोडले आणि पकडायला माणसं घरी आली. बाप गेला तो गेलाच. धरपकडीचं सदतीस साल होतं. नीनेल सात वर्षांची होती. आणि नीनेल हे नाव तरी काय, रशियन अक्षरांत लेनिन उलट्या बाजूनं वाचा! इतका त्या माणसाचा विश्वास होता सगळ्यावर.

"पुढे वीस वर्षांनी सरकारने सांगितले, चूक झाली, स्तावरिन निर्दोष होता. लगेच पुस्तक आले. कोणी आणले?"

"क्रुतोवनं?"

"क्रुतोवने. शेवटचे प्रकरण हरवले आहे, ते मी लेखकाच्या टिपणांवरून पुरे केले, असे प्रस्तावनेत लिहिले. टिपणे नव्हतीच. तेव्हापासून त्याला स्तावरिनचा उद्धारकर्ता म्हणतात. सभांतून बोलावतात."

"मुडदा बशिवला त्याचा!" माझ्या तोंडून गेलंच.

"हे कसे म्हणतात? पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. तिनं दोनदा घोकून घेतलं. मग म्हणाली, "प्रकरण हरवलेले नाही. आईस पाठ होते. तिने माझ्याकडून पाठ करून घेतले. रशियनमध्ये आम्ही ते कधीही कागदावर लिहिले नाही. परंतु मराठी मी मनात करून ठेवले आहे. ऐकता?"

आणि त्या वाफेत, पन्नास उघड्या बायकांच्या गलक्यात, ती मोठ्यानं म्हणायला लागली.

"दीप प्रज्वलित झाला—"

"थांब, थांब. दिवा लागला, म्हण."

"दिवा लागला. शुक्रावर पहिल्यांदा मनुष्याची... माणसाची सावली पडली. लोक आपापली सावली बघून हसले. तिच्यावर पाय द्यायला पोरांसारखे धावले. मग एक जण थांबला. खाली वाकला. इतके दिवस अंधारात आपण खडी म्हणून तुडवत होतो, ती खडी नव्हती. ती आधीच्या तुकडीची हाडं होती. आधीची तुकडी पृथ्वीवर सुखरूप परतली, तिचे सत्कार झाले, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं."

माझ्या अंगावर काटा आला. त्या गरम वाफेत, खरं सांगते.

"वडिलांची कादंबरी क्रुतोवला नीट कळली होती," नीनेल म्हणाली. "म्हणून तर त्याने ती मारली."

"मग आता काय करायचं म्हणतेस?" मी तिला अगं कधी म्हणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

"आपण भाषांतर करा. अकरा प्रकरणे त्या पुस्तकातून. बारावे माझ्याकडून. मी सही करीन. क्रुतोव सही करील. त्याच्याच हाताने ते छापले गेले पाहिजे, शशीबाई. दुसऱ्या कोणाच्या नाही. त्यावाचून मला समाधान नाही."

मला त्या क्षणी तिचा बाप आठवला नाही, खोटं कशाला बोलू. मला ते उंदीर आठवले. गोदामातले.

"करते," मी म्हटलं.

घरी यजमानांना सांगितलं तर ते मटकन खाली बसले. "अगं, आपल्याला चोवीस तासांत परत पाठवतील!"

"पाठवू देत की. कोल्हापूरला काय आग लागलीय?"

"आणि तिचं काय होईल? तिला कुठं पाठवतील, विचार केलायस?"

 पुढच्या शनिवारी मी नीनेलला हेच विचारलं. ती म्हणाली, "त्याची सही होईपर्यंत भीती आहे. सही झाली की माझा गळा आणि त्याचा गळा एकाच दोरीत." मग हसली. "अंधारात नाही राहणार मी. तुम्ही शिकवली ना ती म्हण? कोंबडे झाकले—"

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

"तेच."

त्या हिवाळ्यात आम्ही दर शनिवारी बान्यात गेलो. ती म्हणायची, मी दुरुस्त करायची, भांडायचो. 'अस्थी' की 'हाडं', यावर एकदा एवढं जुंपलं, की एका आजीबाईनं मध्ये पडून आम्हा दोघींच्या हातात फांद्या दिल्या. घरी येऊन मी केस वाळायच्या आत सगळं लिहून काढायची.

जुळणी करणारे कामगार मराठीचं चित्र बघून अक्षर लावायचे, अर्थ कुणालाच कळायचा नाही. शेवटचं प्रूफ आलं तेव्हा नीनेलनं एक खुळ्यासारखा हट्ट धरला. म्हणाली, प्रकरणातल्या दोन ओळी कमी करा.

"का? आता कुठं ते छान जमलंय."

"शेवटच्या पानावर खाली जागा हवी."

"कशाला?"

"हवी," ती म्हणाली. मी चिडले, दोन दिवस बोलले नाही, आणि शेवटी दिव्याच्या तारांचं वर्णन कापलं.

मग सहीचा दिवस. आम्ही दोघी गेलो. क्रुतोव फोनवर कुणाशी तरी गावाबाहेरच्या घराच्या छपराबद्दल बोलत होता. पत्रे लाल हवेत की हिरवे. नीनेलनं कागद पुढं केला. त्यानं फोनवर हात ठेवला.

"सगळं मुळाप्रमाणे?"

"मुळाबरहुकूम," नीनेल म्हणाली. "एक शब्दही इकडचा तिकडे नाही, वादिम सेम्योनोविच. त्याबद्दल मी प्राण देईन."

"एवढं नको," तो हसला, "मराठीसाठी कशाला प्राण देता?" आणि सही ठोकली. माझ्याकडे बघून म्हणाला, "काय गणपतोव्ना, राग गेला का?"

"गेला की," मी म्हटलं. "आता उंदरांना वाचायला मिळेल."

बाहेर आल्यावर नीनेल जिन्याच्या पायरीवर बसली.  मी तिच्यापाशी बसले आणि दोघी एकाच पिशवीतल्या सूर्यफुलाच्या बिया खात राहिलो.

प्रती मुंबईच्या जहाजात चढल्या. मला वाटलं संपलं. पण नीनेलचं कुठलं संपायला!

मार्चमध्ये क्रुतोवला पासष्ट वर्षं पूर्ण झाली. तिकडे अशा वाढदिवसाचा मोठा सोहळा करतात. दालनभर माणसं, मंचावर फुलं, पहिल्या रांगेत मंत्रालयातले साहेबलोक. रिवाज असा, की प्रत्येक भाषेच्या विभागानं उत्सवमूर्तीच्या आवडीचा मजकूर आपल्या भाषेत वाचून दाखवायचा. आणि क्रुतोवनं काय फर्मावलं? 'शुक्रावरचा दिवा', शेवटचं प्रकरण. स्वतःचं! सगळ्या भाषांत त्याला स्वतःचं भाषण ऐकायचं होतं.

"देव आहे बरं का," मी नीनेलला म्हटलं.

"मी मानत नाही," ती म्हणाली. "पण या खेपेस आभार सांगा त्यास."

बंगाली झालं, अरबी झालं, स्वाहिली झालं. क्रुतोव मंचावरच्या मोठ्या खुर्चीत मान डोलवत बसलेला. त्याला मजकूर पाठ, त्यामुळे कुठं दिवा लागतो, कुठं गाणं येतं, सगळं आवाजावरून ओळखल्यासारखा हसत होता. मग मराठीचा पुकारा झाला. मी ठेवणीतली इरकल नेसले होते. मी माईकपाशी गेले, आणि नीनेल जाऊन त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. दुभाषे उभे राहतात तशी. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"दिवा लागला," मी वाचलं.

नीनेल वाकली आणि त्याच्या कानात बोलली. रशियनमध्ये. तिच्या बापाच्या मूळ शब्दांत. ते शब्द चाळीस वर्षांत पहिल्यांदा रशियन भाषेत, घराबाहेर, कुणाच्या तरी कानावर पडत होते.

"शुक्रावर पहिल्यांदा माणसाची सावली पडली."

तो अजून हसत होता. ही ओळ त्याच्या प्रकरणातही होती, ढापलेली. मी पुढं वाचलं. लोक सावलीवर पाय द्यायला धावले. एक जण थांबला. खाली वाकला.

मी मुद्दाम थांबले आणि मान वळवून बघितलं. नीनेलचे ओठ त्याच्या कानाशी हलत होते. त्याचं हसू तोंडावर तसंच होतं, पण आतला माणूस निघून गेला होता. ते हसू कुठं ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. पहिल्या रांगेतले साहेब त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. तो उठू शकत नव्हता, थांबा म्हणू शकत नव्हता. काय म्हणून थांबवणार? हे मी मारलेलं प्रकरण आहे, असं सांगून?

मी हाडं वाचली. सावकाश वाचली. आमच्या तुळजाभवानीच्या देवळात गोंधळी जसा एकेक शब्द उचलून ठेवतो तशी वाचली. मग शेवट.

"'दिवा विझवा!' उजेडाच्या बाहेरून कुणीतरी ओरडलं. म्हातारा मात्वेई खटक्याला पाठ लावून उभा राहिला. 'विझवीन,' तो म्हणाला. 'पण अंधारातून ओरडू नका. ज्याला दिवा नकोय त्यानं पुढं उजेडात यावं, आणि आपलं नाव सांगावं.'"

दालनात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाला काही कळलं नव्हतं, पण माझा आवाज लागला होता. साहेबलोकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून क्रुतोवलाही वाजवाव्या लागल्या. वाजवत राहिला. थांबायचं कधी हेच त्याला सुचेना. मला त्याची दया आली का? नाही आली. आजही येत नाही. मला त्या वेळी नाचावंसं वाटलं.

सोहळा संपल्यावर कोट घ्यायच्या खोलीत त्यानं आम्हाला गाठलं. घामानं चिंब.

"तुला कुठून कळलं ते?" तो नीनेलला म्हणाला. "ते फक्त मी वाचलं होतं. मी आणि त्याची बायको."

"आणि त्याची मुलगी," नीनेल म्हणाली.

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.  मग भिंतीला टेकला.

"पुस्तकात... पुस्तकातसुद्धा तेच छापलंय?"

"मुळाबरहुकूम."

"मी ते परत मागवीन. सगळ्या प्रती!"

"मागवा," ती म्हणाली. "कारण लिहावं लागेल. वरचे विचारतील, कुणाच्या सहीनं गेलं? मग विचारतील, मूळ प्रकरण हेच होतं हे तुम्हाला कसं ठाऊक? टिपणं कुठायत? मागवाच."

त्यानं रुमालानं घाम पुसला. मग माझ्याकडे वळला. आणि ज्या माणसानं मला कधी बस म्हटलं नव्हतं, तो अगदी अजिजीनं म्हणाला, "शशिकला गणपतोव्ना... खरंच सांगा. तिकडे मराठी कोण वाचतं?"

"वाचतात की," मी म्हटलं. "हमाल वाचतात, मास्तर वाचतात, गिरणीतले वाचतात. आणि आमच्याकडे मनातल्या मनात वाचत नाहीत हो. मोठ्यानं वाचतात."

तो कोट न घेताच निघून गेला. नीनेल त्याच्या पाठीकडे बघत म्हणाली, "मुडदा बशिवला त्याचा." अगदी कोल्हापुरी. मला बाई तिचा अभिमान वाटला.

रस्त्यावर बर्फ वितळून चिखल झाला होता. आम्ही एकमेकींचा हात धरून चाललो होतो. मी म्हटलं, "नीनेल, बघ ना कसा योग असतो. तू आंब्यापायी मराठी शिकलीस काय, आणि तीच कामाला आली काय!"

ती थांबली.

"आंबा मला आवडत नाही, शशीबाई."

"अगं पण तू तर—"

"आपण एवढ्या लांबून आणत होता. म्हणून खात होते." तिनं नाक पुसलं. "सत्तावन्न साली ते पुस्तक निघाले. दुकानाच्या खिडकीत वडिलांचे नाव पाहून मी आईला धावत घेऊन आले. आईने तिथेच उभ्याने शेवट वाचला. पुस्तक बंद केले. त्यानंतर ती जास्त बोललीच नाही. त्याच उन्हाळ्यात गेली. मी तेव्हा शाळेत जर्मन शिकवीत होते. मी बसून विचार केला. क्रुतोव परभाषांच्या पुस्तकांचा प्रमुख झाला होता. जर्मन त्यास येते. इंग्रजी, फ्रेंच ताडायला दहा-दहा माणसे. हिंदीला, बंगालीलाही आहेत. मराठी पुढे सुरू होणार होते, आणि मराठीस कोणीच नव्हते. मी विद्यापीठात जाऊन म्हटले, मला मराठी शिकायचे आहे."

मी तिचा हात सोडला. कसं ते सांगता येत नाही, पण कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. वर्षानुवर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते, बघा, एक रशियन बाई आमच्या भाषेवर कशी भाळली!

"म्हणजे," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला, "तोही म्हणाला मराठी कोण वाचतं, आणि तूही तेच म्हणालीस! आमची भाषा तुला लपायला बरी वाटली, भुयारासारखी!"

"भुयारात लपतात," ती म्हणाली. "मी लपले नव्हते. दबा धरून बसले होते. वीस वर्षे." मग माझा हात परत धरून म्हणाली, "रागावू नका. माझ्या वडिलांचे शेवटचे शब्द जगात एकाच भाषेत छापलेले आहेत. रशियनमध्ये नाहीत. तुमच्यात आहेत. आता तरी ती माझीच भाषा ना?"

मला रडू फुटलं. तिलाही फुटलं. भर रस्त्यात दोन बायका गळ्यात गळे घालून रडतायत बघून एक मिलिशियावाला, म्हणजे तिकडचा पोलीस, चौकशी करायला आला.

पुढच्या वर्षी आम्ही परत आलो. क्रुतोवनं आमच्या केसालाही धक्का लावला नाही. कसा लावणार? निवृत्त होईपर्यंत तो खुर्चीवर बसला, पण भारतातलं कुठलंही शिष्टमंडळ आलं की नीनेलला फोन करून विचारायचा, "कुणी काही बोललं का?" आणि नीनेल म्हणायची, "अजून नाही."

आता ती दोघंही नाहीत. त्याला काय छळलं असेल तिनं त्या 'अजून'नं!

मी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या वाचनालयात शनिवारी बायकांना पुस्तकं वाचून दाखवते. शनिवार काही सुटला नाही. 'शुक्रावरचा दिवा' कितीदा झालं असेल. परवा नवीन आलेली एक सून, मंदाकिनी पाटणकर, शेवट ऐकून पुढं सरकली. असं कुणीतरी दरवेळी सरकतंच.

"मग मावशी, त्यानं नाव सांगितलं का नाही? दिवा विझवा म्हणणाऱ्यानं?"

मी पुस्तक तिच्या हातात दिलं. नीनेलनं दोन ओळी कापायला लावून मोकळी करून घेतलेली ती शेवटच्या पानावरची जागा. 'आपलं नाव सांगावं' ही ओळ संपते, आणि तिच्या लगेच खाली, नेहमीच्या बारीक अक्षरांत एकच ओळ.

"खाली काय लिहिलंय?" मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."

तिनं पुस्तक उजेडाकडे धरलं आणि वाचलं, "जबाबदार संपादक, वादिम सेम्योनोविच क्रुतोव."